डॅन्यूबचे शेवटचे दीडशे किलोमीटर

जर्मनीतल्या पासाउहून डॅन्यूबकाठाने निघाल्यावर पहिले पाच दिवस आम्ही सायकली नुसत्या हाणल्या. कोण पुढे, कुणाचा ॲव्हरेज किती, चहात किती मिनिटं गेली, असले हिशेब. पाचव्या रात्री ग्राइनला जेवणं झाल्यावर सरांनी नकाशा टेबलावर पसरला आणि म्हणाले, "नदीच्या हिशेबानं व्हिएन्ना आता दीडशे किलोमीटर." टेबलावर एकदम सामसूम. दुसऱ्या दिवसापासून जो तो थांबायला कारणं शोधायला लागला. कुणाला सीट वर घ्यायची होती, कुणाला जर्किन काढायचं होतं, कुणाला बदकं बघायची होती.

आम्ही आठ जण. सांगली-मिरजेचा सकाळचा सायकल ग्रुप. एरवी आमची मजल हरिपूर, फार तर नरसोबाची वाडी. मिरजेचे हाडांचे डॉक्टर आणि वहिनी, गणिताचे निवृत्त सर, तासगावचे द्राक्षबागायतदार अण्णा, त्यांची पुण्यात नोकरी करणारी पुतणी, तिच्या दोन मैत्रिणी, आणि बँकेतून सुटलेली मी. तारखा अण्णांनी ठरवलेल्या. ऑक्टोबर छाटणीच्या आत घरी पोचायचं, म्हणून सप्टेंबर. आणि अण्णा माळकरी. दारू सोडाच, अंडंही नाही. युरोपातल्या नावाजलेल्या वाइनच्या खोऱ्यातून आम्ही जाणार होतो आणि आमच्यातला द्राक्षातला एकुलता एक जाणकार थेंबही घेणार नव्हता.

दिवस सहावा, शुक्रवार: ग्राइन ते मेल्क

सकाळी नदी दिसतच नव्हती. धुकं इतकं, की खाली पाणी आहे हे फक्त बार्जच्या घरघरीवरून कळायचं. नऊच्या सुमाराला धुकं उठलं आणि त्या जागी पाऊस आला. आपल्या पावसापुढे हा पाऊस म्हणजे कुणीतरी झाडांना पंपाने पाणी मारतंय तसा, पण चार तास थांबला नाही. बोटं गारठून गेली.

पेर्सेनबॉयगला वीजकेंद्राच्या धरणावरूनच नदी ओलांडून इब्समध्ये शिरलो. हे धरण १९५४ ते १९५९ मध्ये बांधलेलं. धरणाच्या पुलावर सायकलींना वेगळी जागा आहे, आणि खालच्या लॉकमध्ये, म्हणजे जहाजं वरखाली करायच्या पाण्याच्या हौदात, एक लांबलचक बार्ज हळूहळू खाली बसताना बघायला मिळाली. सर अर्धा तास हलले नाहीत.

सरांचा दुसरा नाद म्हणजे किलोमीटरचे बोर्ड. डॅन्यूबच्या काठावर दर किलोमीटरला आकडा लावलेला असतो, आणि तो वाढत जाण्याऐवजी कमी होत जातो. म्हणजे नदी उगमापासून न मोजता काळ्या समुद्राकडून मोजलेली. उगम नेमका कोणता, यावर दोन ओढ्यांच्या गावांची जुनी तक्रार आहे. सरांना ही पद्धत फार पटली. "जिथं भांडण नाही तिथं शून्य धरायचं," असं ते दिवसातून दोनदा म्हणायचे.

मेल्कला पोचलो तेव्हा बुटांतून पाणी निघत होतं. टेकडीवरचा पिवळा मठ लांबूनच दिसतो. बेनेडिक्टाइन साधू इथे १०८९ पासून आहेत. आत्ताची बरोक इमारत याकोब प्रांडटाउअरच्या आराखड्याने १७०२ पासून १७३६ पर्यंत उभी राहिली. ओल्या मोज्यांनी आम्ही त्या सोनेरी भपक्यातून फिरलो. ग्रंथालयात सुमारे एक लाख पुस्तकं आहेत, पण माझ्या लक्षात राहिला तो 'संगमरवरी' दिवाणखाना, कारण तो संगमरवरी नाहीच. दरवाजांच्या चौकटी तेवढ्या खऱ्या, भिंती गिलाव्याच्या, वरून संगमरवराचं सोंग. डॉक्टरांना हे कळल्यावर हाडाच्या डॉक्टरने करावं तेच त्यांनी केलं. इकडेतिकडे बघून भिंतीवर दोन बोटांनी टकटक केली. पहारेकरी बाईंनी नुसती मान हलवली. दिवसातून किती जण टकटक करत असतील कोण जाणे.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इथल्या भाड्याच्या बऱ्याच सायकलींना पायब्रेक असतो, म्हणजे पायडल उलटं मारलं की मागचं चाक थांबतं. आपल्याला उलटं पायडल मारून ते उंचीवर आणायची सवय असते. पहिल्याच दिवशी त्या सवयीने डॉक्टर हॉटेलच्या दारातच आडवे झाले होते. बुकिंग करतानाच हाताचे दोन ब्रेक मागून घ्या. दुसरं, शाकाहारी असाल तर सुपावर विश्वास ठेवू नका. वर नुसत्या शेवया तरंगत असल्या तरी खालचं पाणी बहुतेक वेळा गोमांसाचं असतं. "ओने फ्लाइश" म्हणजे मांसाशिवाय आणि "ओने आय" म्हणजे अंड्याशिवाय, एवढे दोन शब्द अण्णांनी तळहातावर बॉलपेनने लिहून ठेवले होते. रोज आंघोळीनंतर पुन्हा लिहायचे.

दिवस सातवा, शनिवार: मेल्क ते क्रेम्स

या दिवसासाठी आलो होतो असं म्हटलं तरी चालेल. मेल्क ते क्रेम्स हे छत्तीसेक किलोमीटरचं खोरं म्हणजे वाखाउ. २००० सालापासून युनेस्कोच्या यादीत आहे. नदी अरुंद घळीतून वळत जाते, दोन्ही बाजूंच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षं, आणि प्रत्येक पायरीला सुक्या दगडाचा गडगा. खालच्या सपाटीवर जर्दाळूची झाडं. जर्दाळूला ऑस्ट्रियात 'मारिले' म्हणतात. फळं जुलैतच संपतात, आमच्या वाट्याला जॅम आला.

आणि याच दिवशी आमची फाटाफूट झाली. भांडण नाही, नुसता गोंधळ. सायकलचा रस्ता दोन्ही काठांनी आहे, आणि मेल्क सोडलं की पार क्रेम्सजवळ मौटर्नपर्यंत मधे एकही पूल नाही. कोणत्या काठाने जायचं हे आदल्या रात्री बोलायचं राहून गेलं. डॉक्टर, वहिनी आणि तिन्ही पोरी पूल ओलांडून उत्तरेला गेल्या. अण्णा, सर आणि मी मठाखालच्या बाजारात जोड्यांत घालायला जुनी वर्तमानपत्रं मागत हिंडत होतो, मागून निघालो आणि सरळ दक्षिणेच्या काठाला लागलो. पाऊण तासाने फोन आला. "कुठाय तुम्ही?" "नदीकाठी." "आम्ही पण नदीकाठीच." पलीकडून वहिनींचा हात दिसला. मधे डॅन्यूब.

म्हटलं, हरकत नाही, पुढे भेटू. दक्षिणेचा काठ शांत आहे, गाड्या कमी, शिवाय आग्श्टाइनचा पडका किल्ला डोक्यावर. तेवढ्यात सरांचं मागचं चाक बसलं. पंक्चरचं सामान डॉक्टरांच्या पिशवीत. डॉक्टर पलीकडे. जेवणाचं सामानही पलीकडे. आमच्याकडे होतं ते भडंगचं एक पाकीट आणि अण्णांची माळ.

दोन किलोमीटर सायकल ढकलत आलो. एका वाडीपाशी ट्रॅक्टर उभा होता, मागे ट्रॉलीत द्राक्षांची क्रेटं. साठीचा माणूस, निळी डांगरी, हातमोजे. आम्हाला बघून म्हणाला, "ग्र्युस गॉट." या भागात भेटेल त्याला हे म्हणायचं. शब्दशः अर्थ देवाचं नाव घेऊन नमस्कार, आणि अण्णांनी पहिल्या दिवसापासून त्याला "रामराम" हेच उत्तर ठरवून टाकलेलं. "रामराम," अण्णा म्हणाले. माणसाने चाक बघितलं, सायकल उचलली आणि शेडमध्ये नेली. सर मागोमाग. ट्यूब परातीसारख्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघायची पद्धत इथेही तीच, हे बघून सरांना माहेरी आल्यासारखं झालं.

अण्णा मात्र क्रेटांपाशी. एक घड उचलून उन्हात धरला, फिरवला, एक मणी तोंडात टाकला. मग बी थुंकली आणि माझ्याकडे वळले.

"ताई, मणी बघितला का? वाटाण्याएवढा. आमच्यात असला माल व्यापारी हातात धरणार न्हाई. आणि बी!"

"वाइनचा आहे हो तो, अण्णा."

"ते ठावं हाय. पर गोडी बघा की."

शेडमधून परत आलेल्या त्या माणसाने हे बघितलं असावं. त्याने खिशातून एक काळी नळी काढली. रिफ्रॅक्टोमीटर, रसातली साखर मोजायचा. अण्णांचा चेहरा असा उजळला, की जणू परदेशातल्या स्टेशनवर गावचा माणूस भेटला. तासगावला प्रत्येक बागायतदाराच्या खिशात ही नळी असते. अण्णांनी न विचारता एक मणी चेचून काचेवर थेंब पाडला, झाकण लावलं, नळी उजेडाकडे धरून डोळा लावला, आणि परत दिली. त्यानेही बघितलं. मग बोटांनी सांगितलं: सतरा.

"सतरा? न्हाई न्हाई," अण्णा म्हणाले. "ईस तर सहज हाय."

दोघेही आपापल्या आकड्यावर ठाम. नळी पुन्हा इकडून तिकडे गेली. शेवटी सरांनी काचेत बघितलं आणि उलगडा केला. आत दोन पट्ट्या होत्या. एक आपली ब्रिक्सची, दुसरी ऑस्ट्रियाची स्वतःची. ही दुसरी मोजपट्टी क्लोस्टरनॉयबुर्गच्या द्राक्षशाळेतून १८६१ मध्ये निघालेली, नाव त्याच गावाचं, आणि तिच्यातले सतरा म्हणजे आपले साधारण वीस. या खोऱ्यातल्या मधल्या प्रतीच्या वाइनला, जिला हे 'फेडरश्पिल' म्हणतात, किमान सतराच लागतात. म्हणजे दोघेही बरोबर. सरांनी जमिनीवर काडीने त्रैराशिक मांडून दाखवलं. तो माणूस इतका हसला, की त्याने बायकोला हाक मारून ते दाखवलं.

मग अण्णांनी विचारायला सुरुवात केली. भाषा नव्हतीच. काडीला हात लावून कात्रीची खूण, मग बोटं: वर्षातून छाटणी किती वेळा? एक, हिवाळ्यात. अण्णांनी दोन बोटं दाखवली, एप्रिल आणि ऑक्टोबर. आपल्याकडे वेल झोपतच नाही म्हणून दोनदा छाटावी लागते, हे खुणांनी सांगणं अवघड. अण्णांनी दोन्ही हात गालाखाली घेऊन डोळे मिटले आणि मग नकाराची मान हलवली. कळलं. पानावरचे डाग दाखवून "डाऊनी?" असं, म्हणजे द्राक्षाच्या त्या बुरशीबद्दल विचारलं, तर त्याने कपाळाला हात लावला. या एका शब्दाला भाषांतर लागलं नाही.

पंक्चरचे पैसे घेईना. भडंगचं पाकीट दिलं. बायकोने तिथेच फोडलं, एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसरा घेतला. बदल्यात आम्हाला रस मिळाला. त्याच सकाळी गाळलेला, गढूळ, थंडगार. अण्णांनी आधी वास घेतला, मग तीन पेले प्यायले.

पुढे आर्न्सडोर्फला पलीकडचे लोक ताटकळत होते, म्हणजे पलीकडे, श्पिट्झच्या धक्क्यावर. इथे एक फेरी आहे तिच्याबद्दल सांगायलाच हवं. तिला इंजिन नाही. नदीवर उंचावरून जाड तार ओढली आहे, फेरी दोरखंडाने त्या तारेला बांधलेली, आणि नावाडी फक्त सुकाणू वळवतो. पात्रातलं पाणी फेरीच्या अंगावर तिरकं आपटतं आणि तिला पलीकडे ढकलतं. परत येताना सुकाणू उलटं. दोन मोटारी, एक डिलिव्हरीची व्हॅन, आमच्या तीन सायकली, आणि काहीही आवाज नाही. फक्त पाण्याचा. मधोमध गेल्यावर अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "आम्ही पोरं पुरात काहिलीतनं किसना पार करायचो. गुळाच्या काहिलीतनं. आई मारायची." काहिलीलाही इंजिन नव्हतंच.

श्पिट्झला उतरल्यावर आमचं स्वागत आधी जेवणाने झालं, मग बोलण्यांनी. पलीकडच्या मंडळींनी तोवर विलेनडोर्फ बघून घेतलं होतं. १९०८ मध्ये रेल्वेचं काम चालू असताना तिथे ती प्रसिद्ध पाषाणमूर्ती सापडली, साधारण साडेएकोणतीस हजार वर्षांची, स्थूल, बिनचेहऱ्याची बाई. गावात आता तिची मोठी प्रतिकृती आहे, मूळ मूर्ती व्हिएन्नात. आम्ही दक्षिणकाठवाले ते हुकलो. पण रिफ्रॅक्टोमीटरच्या बदल्यात मी विलेनडोर्फ कधीही देईन.

त्यानंतर सांक्ट मिखाएलच्या चर्चच्या छपरावरचे ससे बघितले. बर्फ इतकं साचलं की ससे छपरावरून पळाले आणि तिथेच अडकले, अशी गोष्ट. ड्युर्नस्टाइनला क्रूझच्या बोटींची गर्दी. इंग्लंडचा राजा रिचर्ड याला ड्यूक लिओपोल्डने ११९२ च्या डिसेंबरात पकडलं आणि इथल्या किल्ल्यात कोंडून ठेवलं. खंडणीच्या चांदीतून पुढे वीनर नॉयश्टाट हे आख्खं शहर वसवलं. गाव सुंदर आहे, पण आईस्क्रीमच्या रांगेत आम्हाला फार वेळ तग धरता आला नाही. वर किल्ल्यावर फक्त पोरी गेल्या.

क्रेम्सच्या आधी श्टाइन लागतं. "क्रेम्स उंड श्टाइन ही तीन गावं आहेत," हा इथला जुना विनोद. 'उंड' म्हणजे 'आणि', पण दोन्हींच्या मधल्या वस्तीचं नावच उंड आहे. श्टाइनच्या नदीकाठी मला रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर जमिनीत बसवलेल्या लोखंडी झाकणांची ओळ दिसली. पुराचा इशारा आला की झाकणं काढून खांब रोवायचे आणि खांबांच्या खाचांत ॲल्युमिनियमच्या फळ्या सरकवायच्या. चालती भिंत. एका घराच्या कोपऱ्यावर पुराच्या खुणा कोरलेल्या, साल घालून. सर मोजत बसले. २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली तेव्हा सरांचं घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होतं. त्यांनी त्या खाचेत बोट घालून बघितलं. काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

रात्री हॉयरिगर. म्हणजे द्राक्षबागायतदाराच्या अंगणातली खाणावळ. वर्षाचे ठरलेले आठवडेच उघडी असते, आणि दारावर हिरव्या डहाळ्यांची जुडी टांगलेली असली की समजायचं, चालू आहे. बहुतेक पदार्थ थंड. ब्रेडवर फासायची चीजची चटणी, लोणच्यातल्या काकड्या, अक्रोड. गरम जेवायचं असेल तर इथे येऊ नका. वहिनींनी स्वतःसाठी ग्र्युनर फेल्टलिनर ही इथली पांढरी वाइन मागवली, हळूच. अण्णा म्हणाले, "घ्या की वहिनी. शेतकऱ्याचाच माल हाय."

दिवस आठवा, रविवार: क्रेम्स ते टुल्न

हा दिवस कुणी माहितीपत्रकात छापत नाही. डोंगर संपले. समोर सपाट मैदान, बंधाऱ्यावरून सरळ जाणारा डांबरी रस्ता आणि तोंडावर वारा. पंचेचाळीस किलोमीटरला सकाळपासून दुपारचे तीन वाजले. तीन-तीन जणांनी पाळीपाळीने पुढे राहून वारा अडवायचा, असं ठरलं होतं. अण्णा पाळी संपली तरी मागे येत नसत.

त्यात रविवार. ऑस्ट्रियात रविवारी किराण्याची दुकानं बंद, अगदी सुपरमार्केटसुद्धा. मोठ्या स्टेशनांवरची आणि पेट्रोल पंपांवरची थोडी उघडी असतात. आम्हाला हे माहीत होतं आणि तरी शनिवारी कुणी काही घेतलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने घेतलं असेल. डॉक्टरांच्या पिशवीच्या तळाशी थालीपिठाच्या भाजणीची पुडी निघाली. कोरडी भाजणी. कुणाला हसू आवरेना.

आल्टेनवोर्थच्या वीजकेंद्रावरून दक्षिणेला आलो आणि थोड्या वेळाने एक राखाडी ठोकळा दिसायला लागला, उंच धुराड्यासकट. त्स्वेन्टेनडोर्फचं अणुवीजकेंद्र. बांधकाम १९७२ मध्ये सुरू झालं, केंद्र पूर्ण झालं, आणि ५ नोव्हेंबर १९७८ ला सार्वमत घेतलं तर ५०.४७ टक्के लोक 'नको' म्हणाले. म्हणून एक दिवसही चाललं नाही. आता आवारात सौरपट्ट्या आहेत. सायकलचा रस्ता कुंपणाला घासून जातो. पुतणीच्या एका मैत्रिणीचं आजोळ राजापूर तालुक्यातलं, जैतापूरच्या जवळचं. ती कुंपणाशी बराच वेळ थांबली आणि आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडून आवाज आला, "चालू हा की बंद?" "कधी चालूच नाय झाला, आजोबा." थोडी शांतता. मग, "भाजी-भाकरी खाल्लंस मां?"

भाजी-भाकरी टुल्नच्या अलीकडे मिळाली, एका टपरीवजा खानावळीत. लोण्यात परतलेल्या पिठाच्या गोळ्यांवर चीज आणि तळलेला कांदा. अंडं होतं, त्यामुळे अण्णांना उकडलेले बटाटे आणि सॅलड. तळहात दाखवून मिळवले. इथेच रस्त्याकडेला एक टेबल, त्यावर बाटल्या, आणि कागदावर लिहिलेलं 'श्टुर्म'. सप्टेंबर-ऑक्टोबरातच मिळणारी वस्तू. द्राक्षाचा रस आंबायला लागलेला, पण अजून वाइन न झालेला. गढूळ, गोड, जिभेवर चुरचुरणारा. बाटलीला घट्ट बूच लावत नाहीत, कारण आत अजून गॅस तयार होत असतो. पिशवीत आडवी ठेवली की संपलं. आमच्या एका पिशवीला अजून तो वास आहे.

इथे अण्णांचा धर्मसंकटाचा प्रसंग. काल रस चालला, आज हा का नको? पुतणी म्हणाली, "काका, नीरेसारखंच आहे." अण्णांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले. सगळे बघतायत. "सकाळची नीरा हुती," म्हणाले, "आता उन्हं वर आल्यात. ताडी झाली." पेला सरांकडे सरकवला.

तुम्ही घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. सायकल चालवणाऱ्यालाही ऑस्ट्रियात दारूची मर्यादा आहे, रक्तात हजारी ०.८. बिअरमध्ये लिंबाचं सरबत घालून जे पेय देतात त्याचं नावच 'राडलर', म्हणजे सायकलवाला, पण म्हणून ते माफ होत नाही.

टुल्न हे एगोन शीलेचं गाव. चित्रकार इथल्या रेल्वे स्टेशनात जन्मला, १८९० मध्ये, वडील स्टेशनमास्तर. आम्ही संग्रहालय बघायचं ठरवलं होतं. सात वाजता सगळे झोपले होते.

दिवस नववा, सोमवार: टुल्न ते व्हिएन्ना

शेवटचा दिवस लहान, पस्तीसेक किलोमीटर. साडेआठला निघायचं ठरलं आणि दहाला निघालो. कुणी कुणाला घाई केली नाही.

ग्राइफेनश्टाइनच्या पुढे नदीकाठची घरं बघून आम्ही सांगलीकर अवाक झालो. खांबांवर उभी. एक मजलाभर उंच खांब, वर लाकडी घर, जिना खाली आलेला, आणि जिन्याखाली सायकली, नाव, टोमॅटोच्या कुंड्या. क्रिट्झेनडोर्फला तर अशा घरांची आळीच आहे. पाणी आलं की खालून जाऊ द्यायचं, बस. एका खांबावरच्या घराच्या गॅलरीत आजीबाई कपडे वाळत घालत होत्या. वहिनींनी खालून हात केला, त्यांनी वरून केला. सर म्हणाले, "आपण गेल्यावर मी नगरपालिकेला पत्र लिहिणार." त्यांनी लिहिलंय, उत्तर आलेलं नाही.

क्लोस्टरनॉयबुर्गला अण्णांनी हट्टाने थांबवलं. मठ १११४ चा, आत ११८१ सालची निकोलस ऑफ व्हर्डनची मीनाकारी वेदी आहे, ती आमच्यातल्या पाच जणांनी बघितली. अण्णांना बघायची होती ती द्राक्षशाळा. १८६० साली सुरू झालेली, जगातली या विषयातली सगळ्यात जुनी म्हणतात. झ्वायगेल्ट हा ऑस्ट्रियातला लाल द्राक्षाचा वाण १९२२ मध्ये इथेच तयार झाला. आत जायची परवानगी वगैरे काही काढलेली नव्हती. अण्णांनी फाटकाबाहेर उभं राहून माझ्याकडून फोटो काढून घेतला. टोपी सरळ केली, माळ शर्टाबाहेर काढली. "घरी लावायचा," म्हणाले.

आणि मग ते झालं ज्याची आजही चुटपुट आहे. नुसडोर्फला रस्ता उजवीकडे वळतो आणि डॅन्यूबमधून फुटलेल्या कालव्याच्या काठाने शहरात शिरतो. व्हिएन्नाच्या मध्यातून वाहतो तो हा कालवा. मोठी नदी बाहेरून निघून जाते. आम्ही गप्पांत. दोन सिंहांचा पूल दिसला, फोटो काढला, भिंतींवरची रंगीत चित्रं आली, माणसं वाढली, सिग्नल लागले. श्वेडनप्लाट्झला पोचून सगळ्यांनी हात उंचावले, आईस्क्रीम झालं, रडारड झाली. तेव्हा सर म्हणाले, "शेवटचा बोर्ड मी बघितलाच नाही." नदी मागे कधी सुटली, कुणालाच सांगता येईना. नऊ दिवस जिच्या काठाने आलो तिला बाय सुद्धा केलं नव्हतं.

सायकली परत केल्या. तिथल्या मुलाने डॉक्टरांच्या सायकलीवरचा ओरखडा बघून भुवई उंचावली आणि सोडून दिलं. मंगळवारी विमान होतं, आणि निसर्गविज्ञान संग्रहालय मंगळवारी बंद असतं हे पुतणीने ऐनवेळी शोधलं, म्हणून तसेच घामेजल्या कपड्यांत तिकडे. ती विलेनडोर्फची बाई एका छोट्या अंधाऱ्या खोलीत एकटीच उभी आहे. जेमतेम अकरा सेंटिमीटर, तळहातात मावेल. गावात तिची माणसाएवढी प्रतिकृती बघून आलेल्या डॉक्टरांचा विरस झाला. मला मात्र ती तेवढीशीच बरी वाटली. तिचा दगड बहुधा उत्तर इटलीतून आलेला, म्हणजे कुणीतरी तिला खिशात घालून आल्प्सच्या पलीकडून चालत आणलं असेल.

(व्हिएन्नात पाण्याची बाटली विकत घेऊ नका. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, पहिली पाइपलाइन १८७३ ची. रस्त्यावरच्या पाणपोयांवर भरून घ्या.)

संध्याकाळी सरांनी कुणाला न विचारता मेट्रोची आठ तिकिटं काढली. यू-वन, स्टेशन डोनाउइन्झल. एकवीस किलोमीटर लांबीचं हे बेट माणसांनी केलेलं, पुराच्या पाण्याला दुसरी वाट काढून देताना निघालेल्या मातीचं. वर राइख्सब्रुके हा पूल. जुना पूल १ ऑगस्ट १९७६ च्या पहाटे कोसळला, हा नंतरचा. अंधार पडत होता. पोरं स्केटिंग करत होती. आम्ही काठाकाठाने पुलाच्या थोडं वर चालत गेलो, सर मोबाइलचा टॉर्च लावून पुढे.

"आहे," ते ओरडले.

बोर्डावर १९२९.

"आयर्विन पूल झाला ते साल," सर म्हणाले आणि बोर्डाशेजारी उभे राहिले. फोटोत आकडा आला, सरांचा चेहरा आला नाही. पुन्हा काढला.

अण्णा आकड्याकडे बघत होते. "सर, म्हंजे समुद्र अजून येवढा लांब हाय?"

"एकोणीसशे एकोणतीस किलोमीटर."

"रोजचे पन्नास धरले तर?"

"साधारण एकोणचाळीस दिवस."

अण्णांनी बोटांवर काहीतरी मोजलं. एप्रिल छाटणी, मग पाऊस, मग ऑक्टोबर. "बसतंय," म्हणाले, "ऑगस्टात निघालं तर."

"आधी जेवायला चला," वहिनी म्हणाल्या. "मला भूक लागलीय."